बावीस दिवसांच्या बाळाचं नाक चोंदलंय, सव्वा महिना झाला नाही म्हणून घरचे बाहेर नेऊ देत नाहीत. घरी काय उपाय करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बावीस दिवसांचा आहे, दोन दिवसांपासून नाक बंद आहे, श्वास घेताना घरघर येते, घरात तीन वर्षांच्या मोठ्या मुलीलाही सर्दी आहे. सासूबाई ओव्या-लसणाची धुरी द्या म्हणतात, मेडिकलवाल्याने सर्दीचे थेंब दिलेत. ते द्यावेत का, शेक किती वेळा द्यावा, असं विचारलंय. एका गोष्टीचा मात्र उल्लेखच नाही. बाळ दूध कसं पितंय आणि मिनिटाला किती श्वास घेतंय?

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावातली आरोग्य सेविका आहे. २०११ साली घरी जाऊन नवजात बाळ तपासायची योजना आली, तेव्हापासून हेच काम करते. नुसतं नाक चोंदल्याचा प्रश्न असता तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण सव्वा महिन्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

सगळ्यात आधी मी सांगते ते करा, बाकीचं मागून वाचा. बाळ शांत असेल तेव्हा, झोपेत असेल तर फारच चांगलं, दुपटं बाजूला सारा आणि झबलं छातीपर्यंत वर घ्या. नजर पोटावर ठेवा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास पोटावरच नीट दिसतो. पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. या वयाची बाळं थोडा वेळ भरभर श्वास घेतात, मग पाच-सात सेकंद थांबतात, मग परत सुरू करतात. अर्ध्या मिनिटात तुम्हाला नुसता भरभर भाग सापडेल किंवा नुसता थांबलेला. आकडा ६० किंवा त्याच्या वर आला तर बाळाला थोडं निवांत पडू द्या आणि परत पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आला तर ती सर्दी समजू नका. सव्वा महिना झालेला असो नसो, त्याच पावली दवाखाना गाठायचा.

मोजताना आणखी एक बघायचं. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का? तान्ह्या बाळाची छाती थोडी आत जातेच, पण स्पष्ट खोल खड्डा दर श्वासाला दिसत असेल तर आकड्याचीही वाट बघू नका.

आता हे मी इतक्या ठामपणे का सांगते ते ऐका.

माझ्या भासऱ्यांची, म्हणजे मोठ्या दिरांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डिसेंबरचे दिवस, आमच्याकडे थंडी कडाक्याची. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालं, मुलगा झाला, वजन २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याच्यावर आमचं जास्त लक्ष. भासऱ्यांचं घर आमच्याच वाड्यात, मधे फक्त एक भिंत. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाच्या भेटी मी केल्या होत्या. झोळीत घालून वजन घेतलं तर वाढत होतं, नाळ पडून बेंबी कोरडी झाली होती, दूध जोरात ओढत होतं. एकविसाव्या दिवसाची भेट व्हायची होती. त्याआधीच एका संध्याकाळी पुतणीने भिंतीपलीकडून हाक मारली, "काकू, हा आज पितच नाही."

खोलीत पाय ठेवला तशी डोळ्यांची आग झाली. बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, दार-खिडकी बंद, बाळंतिणीच्या कानाला फडकं, आणि बाळ तीन-तीन दुपट्यांत. दुपारी मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा एक माणूस येऊन गेला होता. "छातीत कफ आहे, एवढे थेंब द्या, रात्रभर शांत झोपेल," म्हणून बाटली ठेवून गेला. बाळ शांतच होतं. मला तेच खटकलं. शेवटचं दूध पिऊन पाच-सहा तास झालेलं बाळ शांत कसं? त्याने घर डोक्यावर घ्यायला पाहिजे. पुतणीला अंगावर घ्यायला लावलं. त्याने दोनदा ओठ हलवले आणि सोडून दिलं. तळपाय गार, पोटही कोमटच. तीन दुपट्यांत असून काखेत थर्मामीटर ३५.२ दाखवत होता. झबलं वर केलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली बोट बसेल एवढा खड्डा. मोजले, ७२. विस्तव बाहेर नेऊन ठेवायला लावला, दार उघडलं, झबलं काढून बाळाला तिच्या उघड्या छातीशी धरायला सांगितलं, वरून ब्लँकेट. परत मोजले, ६९.

भासरे ओसरीत बसले होते. आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत, तिनेही समोर बोलायचं नसतं. ते जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, सव्वा महिना झाल्याबिगर आपल्या घरचं लेकरू उंबरठ्याबाहेर जात नाही. वारं लागन." थोड्या वेळाने, "जावईबापूंले न विचारता नेलं अन् काही झालं तर कोण जबाबदार?" आणि मग, "दहावी शिकली, पेटी घेऊन फिरते, म्हणून डॉक्टर झाली का?"

पदर डोक्यावर होता, तो तसाच ठेवला. पण त्या दिवशी मी जाऊबाईंकडे बघून बोलले नाही. सरळ त्यांना म्हटलं, "भाऊजी, लेकराचा श्वास सत्तर आहे. साठच्या वर गेला की निमोनिया धरायचा असतो. दूध सोडलंय, अंग गार पडलंय. सकाळपर्यंत ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग जावईबापूंना फोन तुम्हीच करा. मी करणार नाही." कोणी काही बोललं नाही. पुतणी मात्र बाजेवरून उठली आणि खाली वाकून चपला शोधायला लागली. मी १०८ लावला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एमओ साहेबांनी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी बाळ बघितलं, इंजेक्शनचा पहिला डोस दिला आणि ऑक्सिजन लावून जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात पाठवलं. गाडीत पूर्ण रस्ता बाळ आईच्या छातीला चिकटून होतं. तिथे नाकातून नळी घालून आईचं काढलेलं दूध दिलं, प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालली. डिस्चार्ज कार्डावर न्यूमोनिया आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, असं लिहिलं आहे. पोरगा आता शाळेत जातो.

एवढं होऊनही वाद मिटला नाही. घरात काही कार्य निघालं, चार पाहुणे जमले, की भासरे कोणाला तरी सांगतातच, "सर्दीच तर होती. घरी ठेवलं असतं तरी बरं झालं असतं. तिले दवाखान्यात नेल्याचे पैसे भेटतात ना." हे वाक्य मला आजही झोंबतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर हिशेब मांडते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाने सहा भेटी द्यायच्या असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जन्मलेलं असेल तर पहिल्या दिवशीची धरून सात. त्या सगळ्या पूर्ण झाल्या की मिळून २५० रुपये. बाळाला दवाखान्यात नेलं म्हणून त्यात एक रुपया वाढत नाही आणि नाही नेलं म्हणून कमी होत नाही. त्या रात्री मी गेले ती भेट तर या सहांत धरलेलीही नव्हती. ज्याला अजूनही वाटतं की आशा पैशासाठी घाबरवते, त्याने एकदा थंडीत एसएनसीयूबाहेरच्या फरशीवर रात्र काढावी आणि मग बोलावं.

आणि "सर्दीच होती" म्हणणाऱ्यांना दुसरं उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, दूध पाजायला मदत करायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध द्यायचं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि तेच काम पुढे देशभरातल्या आशांना शिकवलं गेलं. ज्या दाईंना साठपर्यंत मोजता यायचं नाही त्यांच्यासाठी बंगांनी मण्यांचं एक साधन केलं होतं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. निरक्षर दाईला जे जमलं ते स्मार्टफोन हातात असलेल्या घराला जमत नाही असं मी मानत नाही.

आता तुमच्या बाळाच्या नाकाचं.

श्वास ६० च्या आत आहे, खड्डा पडत नाही, दूध नेहमीसारखं पितंय, दिवसातून सहा-सात वेळा लघवीचं दुपटं ओलं होतंय, असं असेल तर ती साधी चोंदलेल्या नाकाची घरघर आहे आणि घरी ठेवायला हरकत नाही. एवढ्या लहान बाळाच्या नाकपुड्या अगदी बारीक असतात, थोडा शेंबूड सुकला तरी आवाज मोठा येतो. शिंका येणं तर या वयात रोजचंच. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मिळतात, फक्त सलाईन, त्यात दुसरं औषध नको. दूध पाजायच्या थोडं आधी प्रत्येक नाकपुडीत एक थेंब, मग मऊ सुती कापडाच्या कोपऱ्याने बाहेर आलेलं पुसून घ्यायचं. आत कापूस, काडी, बोट काही घालायचं नाही. पाजताना डोकं थोडं उंच ठेवा, थोडं थोडं आणि वरचेवर पाजा. झोपवताना मात्र सपाट, उताणं, उशी न घेता.

धुरी बंद. यावर मी कोणाचं ऐकून घेत नाही. ओव्याची, लसणाची, कडुनिंबाची, उदाची, सगळी धुरी बंद. मच्छर कॉइल आणि अगरबत्तीसुद्धा. धूर बाळाच्या छातीत जातो, त्याने कफ सुटत नाही, उलट श्वास जड होतो. बंद खोलीत विस्तव तर आईलाही घातक. ऊब हवी असेल तर टोपी, मोजे, अंगभर कपडे आणि आईची छाती. नाकात-कानात तेल सोडणं बंद, ते तेल फुप्फुसात उतरतं. बाम, कापूर, निलगिरी बाळाच्या जवळ आणू नका. वाफाऱ्याच्या गरम पाण्याने भाजलेली बाळं मी पाहिली आहेत, तेही नको. सासूबाईंना शेक द्यायचाच असेल तर तो तुमच्या पाठीला द्या, तिथे तो उपयोगी पडेल.

मेडिकलवाल्याने दिलेले थेंब उचलून बाजूला ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेच २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं आहे. ते का सांगावं लागलं तेही माहीत असू द्या. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. बरीच लेकरं गेली. सिरप चांगलं असलं तरी बावीस दिवसांच्या बाळाला त्याची गरज नाही. त्याने झोप येते, आणि झोपेत असलेलं बाळ दूध मागत नाही, मग घरच्यांना वाटतं बरं वाटतंय. माझ्या पुतणीकडे नेमकं हेच झालं होतं.

मधाचं बोट, गुटी, ग्लुकोजचं पाणी, यातलं काहीही आत्ता नको. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्षाच्या आत कधीच नाही.

सव्वा महिन्याचं बोलायचं तर मी त्याच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवते. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाळाला दहा जणांनी हाताळू नये, शिंकत-खोकत येणाऱ्या पाहुण्यांनी मुका घेऊ नये, यासाठी तो फार चांगला रिवाज आहे. माझ्या सुनेचा मी स्वतः पाळून घेतला. पण आजारी बाळाला दवाखान्यात नेणं म्हणजे सव्वा महिना मोडणं नव्हे. लसीला नेता ना? मग निमोनियाला नेताना वारं कसं लागतं? भासऱ्यांना हा प्रश्न मी कितीदा तरी विचारला आहे, उत्तर मिळालेलं नाही. तुमच्या सासूबाईंना तुम्ही विचारून बघा, शांतपणे, बाळाचा श्वास त्यांच्यासमोर मोजून. माझा अनुभव असा की आजीच्या हातात घड्याळ दिलं आणि तिनेच मोजलं, की ती सुनेच्या आधी दाराशी उभी असते. पुरुषांना पटवायला वेळ लागतो.

खर्चाचं कारण कोणी पुढे करत असेल तर सांगा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, न्यायची-आणायची गाडी, सगळं मोफत आहे. १०२ किंवा १०८ लावा, किंवा तुमच्या आशाला फोन करा. आम्ही फोन उचलतो.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहिते. मी डॉक्टर नाही आणि तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही. श्वास ५५ आला म्हणून निर्धास्त राहू नका. दूध सोडलं, अंग ढिलं पडलं, कण्हायला लागलं, ओठ निळसर दिसले, श्वास मधेच बराच वेळ थांबला, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला, यातलं एकही असेल तर श्वास कितीही असो, न्यायचं. काखेतलं तापमान ३७.५ किंवा वर, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५, गेलं तरी न्यायचं, आणि ३५.५ च्या खाली आलं तरी न्यायचं. इतक्या लहान बाळाला घरी तापाचं औषध देऊन वाट बघायची नसते. रडताना किंवा नुकतंच दूध पिऊन झाल्यावर मोजलं तर आकडा जास्त येतो, म्हणून शांत असतानाच मोजा. आणि बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर सर्दी साधी वाटली तरी एकदा दाखवून आणा. वजन तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळवा.

मोठ्या मुलीचं राहिलंच. बाळाला सर्दी तिच्याकडूनच आली असणार, पण म्हणून तिला ओरडू नका. तिचे हात साबणाने धुवा, बाळाच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका, पायांना हात लावू द्या. तिलाही सिरप देऊ नका. तीन वर्षांची आहे म्हणजे तिला रात्री चमचाभर मध चालतो, कोमट पाणी, वरण, पातळ खिचडी जे खाईल ते द्या. सर्दी आठवडा-दहा दिवस राहतेच. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलासाठी श्वासाचा आकडा ६० नाही, ४० धरायचा. तिचाही श्वास झोपेत मोजा. ४० किंवा वर असला तर दोघांनाही एकाच गाडीत घेऊन जा.